साथीच्या काळात गरजूंना लॉजमध्ये ठेवायचे झाल्यास: तालुक्याच्या गावासाठी सविस्तर मार्गदर्शन

आमच्याकडे ‘हॉटेल’ म्हटले की आलुबोंडा, तर्री-पोहे आणि कपबशीतला चहा डोळ्यांपुढे येतो. मुक्कामाच्या जागेला लोक ‘लॉज’ म्हणतात, आणि घरात तो शब्द उच्चारताना आवाज जरा खाली आणतात. त्यामुळे एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना, जुनाट आजाराच्या रुग्णांना किंवा रस्त्यात अडकलेल्या मजुरांच्या कुटुंबांना हॉटेलात ठेवण्याची जी पद्धत २०२०मध्ये कोविडच्या साथीत अनेक देशांनी वापरली, ती विदर्भातील तालुक्याच्या गावात जशीच्या तशी उतरत नाही. येथे हॉटेल म्हणजे बसस्थानकासमोरचा बारा-चौदा खोल्यांचा लॉज, देवस्थानाचे भक्तनिवास, मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावरील वऱ्हाडाच्या खोल्या किंवा ताडोबा, नागझिरा, चिखलदऱ्याकडील एखादे पर्यटक निवास. त्या काळात राष्ट्रीय महामार्ग ४४ वरील एका तालुक्याच्या गावी चौदा खोल्यांचा असा निवारा चालवण्याच्या कामात मी स्वयंसेवक म्हणून होतो. पुढील मजकूर त्या अनुभवावर आणि इतरत्र घडलेल्या गोष्टींच्या अभ्यासावर आधारलेला आहे. तो तहसील कार्यालय, नगरपंचायत, ग्रामपंचायत आणि त्यांच्या सोबतीने काम करणाऱ्या मंडळांसाठी लिहिला आहे.

खोली कशासाठी, आणि केव्हा नको

पहिला प्रश्न नेहमी हाच येतो की जिल्हा परिषदेची शाळा रिकामी असताना लॉजवर खर्च कशाला करायचा. शाळेच्या एका वर्गात वीस सतरंज्या टाकता येतात, पण हवेतून पसरणारा आजार त्या वीस जणांमध्ये कसा फिरतो याचे उदाहरण एप्रिल २०२०मध्ये अमेरिकेतील बॉस्टन शहरात मिळाले. तेथील बेघरांच्या एका मोठ्या निवाऱ्यात ४०८ जणांची तपासणी केली असता १४७ जण बाधित निघाले, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांना एकही लक्षण नव्हते. म्हणजे ताप मोजून माणसे वेगळी काढण्याचा उपाय तेथे उपयोगी पडलाच नसता. इंग्लंडने मार्च २०२०च्या अखेरीस रस्त्यावर झोपणाऱ्या सर्वांना आत घेण्याचा निर्णय केला आणि जानेवारी २०२१पर्यंत सुमारे ३७ हजार लोकांना हॉटेले व तत्सम जागांमध्ये आसरा दिला. पहिल्या लाटेत या व इतर उपायांमुळे बेघरांमधील २६६ मृत्यू टळले असावेत, असा अंदाज तेथील संशोधकांनी मांडला. यात खरे काम केले ते चार गोष्टींनी: स्वतंत्र दार, स्वतंत्र संडास, स्वतंत्र न्हाणी आणि उघडणारी खिडकी. या चार गोष्टी ज्या इमारतीत नाहीत, तिला पाटीवर काहीही लिहिलेले असो, ती या कामाची नाही.

हे सर्व श्वासातून किंवा स्पर्शातून पसरणाऱ्या आजारालाच लागू आहे. उद्याची साथ डासांमुळे किंवा दूषित पाण्यामुळे आली, तर माणसे खोल्यांमध्ये हलवून फारसे साधणार नाही. तेव्हा पैसा पाण्याच्या टाक्यांवर, गटारांवर आणि मच्छरदाण्यांवर घालावा.

दुसरा निर्णयही पहिल्याच दिवशी व्हावा. लॉजचा उपयोग दोन प्रकारे होतो: निरोगी पण जोखमीत असलेल्या माणसांचे रक्षण करण्यासाठी, किंवा बाधित झालेल्या सौम्य रुग्णांचे विलगीकरण करण्यासाठी. हे दोन्ही एकाच इमारतीत करू नये. ‘वरचा मजला त्यांना, खालचा मजला यांना’ अशी तडजोड कागदावर ठीक दिसते, पण जिना, पाण्याची टाकी, जेवण वाढणारा मुलगा आणि झाडू हे सगळे एकच असते. या लेखात पुढे जे आहे ते पहिल्या प्रकाराविषयी, म्हणजे रक्षणासाठीच्या निवाऱ्याविषयी आहे.

यादी कोणी करायची

तालुक्याच्या कार्यालयात बसून केलेली यादी नेहमी चुकते, कारण तिच्यात रेशनकार्ड असणारेच येतात. खरी यादी आशा ताई, अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील, कोतवाल आणि रास्त भाव दुकानदार यांना एकत्र बसवून गावनिहाय करावी लागते. त्यातही आशा ताईंना कोणाच्या घरी कोणता आजार आहे ते ठाऊक असते, तर कोणाच्या घरी रात्री काय चालते हे अंगणवाडी सेविकेला ठाऊक असते, आणि दोन्ही माहिती लागते.

आमच्या भागात या यादीत कोण येतात हे सांगितले पाहिजे, कारण बाहेरून आलेल्या नमुना-तक्त्यांत त्यांचे रकाने नसतात. साठीच्या पुढची, एकाच खोलीच्या घरात मुले-नातवंडांसह दाटीने राहणारी माणसे त्यात येतात. पूर्व विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण पुष्कळ आहेत. गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूरकडे ते जवळजवळ प्रत्येक मोठ्या गावात भेटतात. क्षयरोगाचे उपचार चालू असलेले, आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला जाणारे आणि बाळंतपणाला महिना उरलेल्या दूरच्या टोल्यावरील (पाड्यावरील) स्त्रिया यांचाही समावेश होतो. वीटभट्टीवरील मजूर कुटुंबे, पारधी बेड्यावरील (वस्तीवरील) लोक, नाथजोगी, मंदिराच्या पायरीवर किंवा बसस्थानकात राहणारे मनोरुग्ण यांचे नाव कोणत्याच वहीत नसते. शिवाय टाळेबंदीत ज्या स्त्रीला मारणाऱ्या माणसासोबतच कोंडले जाते, तिच्यासाठी घर हेच धोक्याचे ठिकाण असते. तिची नोंद स्वतंत्र ठेवावी आणि ती यादी कोणत्याही व्हॉट्सॲप गटावर जाऊ देऊ नये.

२०२०च्या एप्रिल-मेमध्ये यांत आणखी एक गट मिळाला. तेलंगणातील मिरचीची तोडणी आणि हैदराबादकडील बांधकामे थांबल्यावर हजारो मजूर पांढरकवडा, हिंगणघाट, बुटीबोरी या वाटेने उत्तरेकडे पायी निघाले. या लोकांना मुक्काम एक-दोन रात्रींचाच हवा असतो. त्यांना दीर्घ मुक्कामाच्या खोल्यांमध्ये मिसळू नये. त्यांच्यासाठी महामार्गालगत मंगल कार्यालय किंवा शाळा, तेथे सावली, पाणी, जेवण आणि पुढच्या वाहनाची सोय, हेच योग्य आहे.

कोणाला आणू नये हेही ठरवावे. अंथरुणाला खिळलेला माणूस, किंवा ज्याला आपण कोठे आहोत हे उमगत नाही असा म्हातारा, अनोळखी खोलीत एकटा ठेवला तर साथीपेक्षा त्या खोलीनेच खचतो. अशा माणसाला घरातच एक कोपरा वेगळा करून द्यावा आणि त्याची सेवा करणाऱ्या एकाच व्यक्तीवर लक्ष केंद्रित करावे. अन्यथा सेवा करणाऱ्यासह दोघांनाही आणावे.

इमारत पाहताना

लॉज पाहायला दिवसा एकदा आणि रात्री एकदा जावे. दिवसा मालक सोबत असतो व सगळे स्वच्छ असते. रात्री दहानंतर मात्र खाली शटर लावून कुलूप घातलेले आहे का, बाहेर पडण्याचा दुसरा जिना आहे का आणि तो आहे तर त्यात जुन्या गाद्या व सिलिंडर रचून ठेवले आहेत का, हे दिसते. हा अतिरेकी संशय नाही. ९ ऑगस्ट २०२० रोजी विजयवाडा येथे कोविड केंद्र म्हणून वापरल्या जाणाऱ्या हॉटेलाला आग लागून दहा जण दगावले. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षातील आगीत दहा बाळे गेली, ही तर आपल्याच विदर्भातील घटना. आणि ७ मार्च २०२० रोजी चीनमधील चुआनचौ येथे विलगीकरणासाठी घेतलेले हॉटेलच कोसळून २९ जण मृत्युमुखी पडले. त्या इमारतीवर बेकायदा मजले चढवलेले होते. आपल्या तालुक्यात दुमजली बांधकामावर पुढे पत्र्याचा तिसरा मजला चढवण्याची पद्धत पाहता, नगरपंचायतीच्या किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाच्या अभियंत्याने लेखी दिल्याशिवाय वरच्या मजल्यावर माणूस चढवू नये, असे माझे ठाम मत आहे.

यानंतर प्रत्येक खोलीत शिरून पाहावे. खिडकी खरोखर उघडते का? अनेक लॉजमध्ये ती कूलरसाठी कापून बाकीची प्लायवूडने बंद केलेली असते. दाराला आतून कडी आहे का, आणि ती म्हाताऱ्या हाताला सरकते का? संडास देशी पद्धतीचा असेल तर गुडघे दुखणाऱ्यांसाठी तळमजल्यावरच्या दोन-तीन खोल्यांत प्लास्टिकची कमोड खुर्ची ठेवावी. न्हाणीतील फरशी ओली करून तिच्यावर स्वतः चालून पाहावे. आमच्या लॉजमध्ये सर्व खोल्यांतील दिव्याची बटणे दारामागे होती, म्हणजे दार पूर्ण बंद केल्याशिवाय हाताला लागत नव्हती. पहिल्याच रात्री एक आजोबा अंधारात चाचपडत पडले. दुखापत झाली नाही, पण दुसऱ्या दिवशी प्रत्येक पलंगाच्या उशाला रात्रीचा लहान दिवा बसवला. त्याला लागलेला खर्च नगण्य होता, आणि कोणत्याही तपासणी-यादीत ती बाब नव्हती.

आदेश, करार आणि पंचनामा

कायद्याची बाजू समजून घेतली तर मालकाशी बोलणे सोपे जाते. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५च्या कलम ६५ नुसार जिल्हा प्राधिकरणाला इमारत अधिग्रहित करण्याचा अधिकार आहे, आणि कलम ६६ नुसार मालकाला मोबदला द्यावा लागतो. तो ठरवताना त्या परिसरातील चालू भाडे विचारात घेतले जाते. केंद्रीय गृह मंत्रालयाने २८ मार्च २०२० रोजी राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून बेघर व स्थलांतरित मजुरांच्या तात्पुरत्या निवाऱ्याचा आणि जेवणाचा खर्च करण्यास परवानगी दिली, तर दुसऱ्याच दिवशी असा निवारा पुरवण्याचे निर्देश राज्यांना दिले. कोळशाच्या पट्ट्यात, म्हणजे चंद्रपूर आणि वणीकडे, जिल्हा खनिज प्रतिष्ठानाच्या निधीचा काही भागही त्या वर्षी साथीसाठी वापरता आला. पुढच्या साथीत आदेशांचे क्रमांक बदलतील. पण कोणत्या खात्यातून पैसा येणार हे लेखी मिळाल्याशिवाय मालकाला आकडा सांगू नये.

अधिकार असला तरी शक्यतो अधिग्रहणाचा बडगा न दाखवता करार करावा. गावचा लॉजमालक हा बहुधा कर्ज काढून इमारत बांधलेला माणूस असतो, त्याला लग्नसराईचे दोन महिने गमवायचे नसतात, आणि ‘येथे साथीचे लोक ठेवले होते’ ही बदनामी पुढे वर्षभर आपल्याला चिकटेल अशी त्याची भीती अगदी खरी असते. त्यामुळे करारात प्रति खोली प्रति दिवस दर, वीज व पाणी कोणाकडे, गाद्या-चादरींची भरपाई, शेवटी रंगरंगोटी आणि निर्जंतुकीकरण कोण करणार, आणि देयक किती दिवसांत अदा होणार, हे सर्व स्पष्ट लिहावे. दर ठरवताना शेजारच्या दोन लॉजचे टाळेबंदीपूर्वीचे दर जोडावेत.

ताबा घेण्याच्या दिवशी पंचनामा करावा आणि त्यात विजेच्या मीटरचे वाचन न विसरता लिहावे. आम्ही ते विसरलो. नळाच्या तोट्या, पलंग, पंखे, अगदी आरशांच्या काचा मोजल्या, पण मीटर कोणी पाहिले नाही. परिणामी शेवटचे देयक एका कार्यालयात सात महिने अडकून पडले. मालक एक आकडा सांगत होता, लिपिक दुसरा, आणि दोघांकडेही कागद नव्हता. त्यानंतर त्या मालकाने मदत करायला नकार दिला तर त्याला दोष देता येणार नाही.

कामाला कोण असावे

ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरात २०२०च्या मध्यास आलेली दुसरी लाट प्रवाशांच्या विलगीकरण हॉटेलांमधून बाहेर पडलेल्या संसर्गातून पसरली, असे चौकशीत स्पष्ट झाले. तेथे सुरक्षेचे काम कंत्राटी रक्षकांकडे होते, त्यांचे प्रशिक्षण तोकडे होते आणि जबाबदारी कोणाची हेच निश्चित नव्हते. आपल्याकडे हे रक्षक म्हणजे लॉजवर चहा आणून देणारा, चादरी बदलणारा, रात्री काऊंटरमागे झोपणारा मुलगा. तो दिवसरात्र आत असतो आणि मधूनच घरी जाऊन येतो. त्याला मास्क देणे पुरेसे नाही. त्याला पूर्ण पगार द्यावा, आजारी वाटल्यास सुट्टीचे पैसे कापले जाणार नाहीत हे लिहून द्यावे आणि शक्य असेल तर लॉजमधीलच एका खोलीत त्याच्या राहण्याची सोय करावी. ज्या माणसाला एका दिवसाची मजुरी बुडण्याची भीती आहे, तो ताप लपवणारच.

चौदा खोल्यांसाठी दोन पाळ्यांत मिळून सहा माणसे पुरतात: दोन मदतनीस, दोन सफाई कामगार, एक समन्वयक आणि रात्रीसाठी एक स्त्री कर्मचारी. ही शेवटची व्यक्ती टाळून चालत नाही. स्त्रियांसाठी मजला किंवा किमान एक बाजू स्वतंत्र असावी, कॅमेरा असेल तर तो फक्त वाटेत असावा, आणि खोल्यांमध्ये कोठे छुपे काही बसवलेले नाही याची तपासणी महिला पोलिसासमक्ष करून घ्यावी. हे उघडपणे केले की लॉजविषयीचा संशय कमी होतो. आम्ही बाहेरची मूळ पाटी कापडाने झाकून ‘आरोग्य निवारा’ अशी पाटी लावली, तेव्हा एका मुलीच्या वडिलांनी तिला तेथे पाठवण्याचे मान्य केले; त्याआधी दोनदा त्यांनी नकार दिला होता.

नोंदवहीत आधार क्रमांकाचा हट्ट धरू नये. बेड्यावरच्या अनेकांकडे तो नसतो. पोलीस पाटलाचा किंवा सरपंचाचा दाखला, तोही नसेल तर छायाचित्र आणि दोन साक्षीदार, एवढ्यावर खोली द्यावी आणि कागदपत्रे नंतर मुक्कामाच्या काळात तयार करून घ्यावीत.

घर सोडायला लावणे

सर्व तयारी झाल्यावर असे आढळते की ज्यांच्यासाठी ती केली, ते येत नाहीत. हा टप्पा शासकीय आराखड्यांत एका ओळीत उरकलेला असतो, प्रत्यक्षात सर्वांत जास्त दिवस त्यालाच लागतात.

सत्तरीच्या पुढच्या, कुडाच्या घरात एकट्या राहणाऱ्या एका आजींकडे आम्ही तीन वेळा गेलो. त्यांना पूर्वी क्षयरोग होऊन गेला होता आणि पायऱ्या चढताना दम लागत होता. साथ म्हणजे काय, हे त्यांना आमच्याइतकेच कळत होते. तिसऱ्या खेपेला त्या म्हणाल्या, “येईन बाबू मी, पण माह्या बकऱ्याले कोन पाहीन?” दोन बकऱ्या होत्या, त्यांपैकी एक गाभण. मग पोलीस पाटलांना बोलावून एका कागदावर लिहिले की बकऱ्या शेजारच्या घरी राहतील, चाऱ्याचा खर्च मंडळ देईल, आणि होणारी पिल्ले आजींचीच असतील. आजींना वाचता येत नव्हते. त्यांनी तो कागद शेजारच्या शाळकरी मुलीकडून मोठ्याने वाचून घेतला, चार घड्या घालून चंचीत सुपारीसोबत ठेवला आणि मगच लुगड्याचे गाठोडे बांधायला घेतले.

म्हणून घरी जाताना साथीची माहितीपत्रके नेण्याआधी चार प्रश्नांची उत्तरे नेली पाहिजेत. जनावरे कोण सांभाळणार? घराला कुलूप लावले तर रात्री त्यावर लक्ष कोण ठेवणार? रेशनचे धान्य अंगठा लावल्याशिवाय मिळत नसेल तर दुकानदाराशी काय ठरले आहे? आणि श्रावणबाळ किंवा संजय गांधी निराधार योजनेचे पैसे खात्यात आल्यावर ते काढून कोण देणार? या शेवटच्या कामासाठी बँकमित्राला महिन्यातून एकदा लॉजवरच बोलावणे उत्तम, कारण नातेवाइकाच्या हाती पासबुक दिले की पुढे भांडणे होतात. मृगाच्या तोंडावर तर शेताचा प्रश्न इतका मोठा असतो की जूनमध्ये कोणालाही अडवून ठेवता येत नाही. अशांना पेरणीपुरते दिवसा जाऊन येण्याची मुभा द्यावी आणि शेतात ते कोणाच्या संपर्कात येतात एवढे विचारावे.

कोंडून ठेवणे आणि सांभाळणे यातला फरक येणाऱ्याला पहिल्या दिवशीच सांगावा. निरोगी माणसाचा हा मुक्काम स्वेच्छेचा आहे. खोलीची किल्ली त्याच्याकडे राहील. तो केव्हाही घरी जाऊ शकतो. हे ऐकल्यावर जाणाऱ्यांची संख्या वाढत नाही, उलट लोक निवांत होतात.

उन्हाळा, कूलर आणि पाणी

पहिल्या लाटेची टाळेबंदी आमच्याकडे चैत्र-वैशाखात आली, म्हणजे नागपूर, चंद्रपूर, अकोल्याकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो त्या दिवसांत. दुसऱ्या लाटेची चाहूल अमरावती, अकोला, यवतमाळकडे फेब्रुवारी २०२१मध्ये लागली आणि तीही भर उन्हाळ्यापर्यंत चढत गेली. तेव्हा विदर्भात हा निवारा उभा करताना उष्माघाताचा विचार साथीच्या बरोबरीने करावा लागतो.

या बाबतीत आपला लोखंडी कूलर वातानुकूलन यंत्रापेक्षा सरस ठरतो. एसी खोलीतील तीच हवा फिरवतो. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, आणि समोरची खिडकी किंवा दारावरचे झरोके उघडे ठेवले तर आतील हवा सतत बाहेर जाते. अट एवढीच की कूलर खिडकीबाहेर बसवलेला असावा. खोलीच्या आत ठेवलेला कूलर दमट हवाच घुसळत राहतो. त्याची टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून, घासून, कोरडी करावी, नाहीतर डेंग्यूचे डास तेथेच वाढतील.

पाण्याचा हिशेब आधी करावा. एका माणसाला दिवसाला १३५ लिटर धरले आणि कूलरला आणखी ५० लिटर, तर चौदा खोल्यांना सुमारे २,६०० लिटर लागतात. स्वयंपाक, कपडे आणि सफाई धरून ३,५०० लिटर. दोन दिवसांचा साठा म्हणून ७,००० लिटरची टाकी असावी, आणि टँकरवर अवलंबून असलेल्या गावात टँकरची फेरी लेखी निश्चित करून घ्यावी. विजेचाही भार मोजावा: एका कूलरला साधारण २०० वॅट धरले तर चौदांना २,८०० वॅट होतात, आणि जुन्या वायरिंगवर ते सर्व दुपारी एकाच वेळी चालतात. वीज गेल्यावर काय, याचे उत्तर इन्व्हर्टर नसेल तर वाळ्याचे पडदे, ओली चादर, मातीचे माठ आणि तळमजल्यावरची एक हवेशीर, मोठी जागा हे आहे.

सिकलसेलच्या रुग्णाच्या बाबतीत पाणी हे औषधच असते. शरीर कोरडे पडले की त्याला वेदनेचा झटका येतो. त्याच्या खोलीत माठ, तांब्या आणि मीठ-साखरेचे पाणी कायम असावे, आणि अंगदुखी सुरू झाली असे त्याने सांगितले की ‘थोडे पडून राहा’ म्हणू नये, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लगेच कळवावे.

जेवण, औषधे आणि खर्रा

जेवणासाठी जवळच्या शिवभोजन केंद्राशी बोलावे. जानेवारी २०२०मध्ये १० रुपयांत सुरू झालेली ती थाळी टाळेबंदीत ५ रुपयांना मिळत होती. मात्र एकच थाळी सर्वांना चालत नाही. वऱ्हाडातल्या म्हाताऱ्याला ज्वारीची भाकर लागते, तर भंडारा-गोंदियाकडच्या माणसाला दोन पोळ्या खाऊनही जेवल्यासारखे वाटत नाही, त्याला भात हवा. मेळघाटातून आलेल्या कुटुंबाशी बोलायला कोरकू येणारे कोणीतरी हवे. जेवण दाराबाहेर स्टुलावर ठेवून, दार वाजवून, दोन पावले मागे उभे राहावे आणि माणसाने दार उघडेपर्यंत थांबावे. त्या अर्ध्या मिनिटात चेहरा दिसतो, दम लागला आहे का ते कळते, कालचे ताट तसेच परत येत आहे का हे लक्षात येते.

औषधांची एक वही असावी व तीत प्रत्येकाच्या गोळ्या, त्या संपण्याची तारीख आणि त्या कोठून येतात हे लिहावे. क्षयरोगाच्या गोळ्यांत खंड पडता कामा नये. ज्यांच्या थुंकीत अजून जंतू आहेत त्यांना या निवाऱ्यात न ठेवता आरोग्य विभागाच्या सल्ल्याने स्वतंत्र सोय करावी. डायलिसिसच्या रुग्णासाठी वाहनाचा वार आणि वेळ आधीच ठरवून चालकाचा क्रमांक भिंतीवर लावावा.

खर्ऱ्याविषयी, म्हणजे तंबाखू-सुपारी घोटून केलेल्या मिश्रणाविषयी, संकोच न करता बोलावे. आमच्या भागात खर्रा घोटणारी माणसे कमी नाहीत आणि थुंकणे हा संसर्गाचा सरळ मार्ग आहे. बंदी घातली तर पुडी खिडकीतून वर येते. आमच्याकडे ती दोरी बांधलेल्या पिशवीतून येत होती. त्यापेक्षा प्रत्येक खोलीत झाकणाचा डबा आणि त्यात ब्लिचिंगचे पाणी देणे व्यवहार्य ठरले. दारूचे प्रकरण याहून गंभीर आहे. वर्धा आणि गडचिरोलीत दारूबंदी आहे, तरी पिणारा माणूस तेथेही आहेच. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम सुटली की दोन ते चार दिवसांत हात थरथरणे, भास होणे, झटके येणे असे होऊ शकते, आणि त्यात माणूस दगावतोही. त्यामुळे प्रवेशाच्या वेळी, घरच्यांच्या कानावर जाणार नाही अशा रीतीने, हा प्रश्न विचारावा आणि उत्तर डॉक्टरांपर्यंत पोहोचवावे.

एकटेपणावर मोठे उपाय लागत नाहीत. दररोज ठरलेल्या वेळी घरी फोन लावून देणे, संध्याकाळी गच्चीवर अंतर ठेवून खुर्च्या मांडणे आणि ज्याला जमेल त्याला कामाचा वाटा देणे, एवढ्याने बरेच भागते. भाजी निवडायचे काम आजींनी स्वतः मागून घेतले होते. मन फारच खचलेले दिसले तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक आता उपलब्ध आहे.

सफाई आणि लक्षणे

१ टक्का हायपोक्लोराइटचे द्रावण दाराच्या कड्या, नळ, बटणे आणि जिन्याच्या कठड्याला पुरते. ३० टक्के क्लोरीनची ब्लिचिंग पावडर असेल तर एक लिटर पाण्यात सुमारे ३३ ग्रॅम घालावी, आणि द्रावण रोज ताजे करावे. माणसांच्या अंगावर फवारणी कदापि करू नये.

दिवसातून दोनदा ताप आणि ऑक्सिजन मोजावा. बसून मोजलेला आकडा ९४ च्या खाली गेला, किंवा खोलीतच सहा मिनिटे चालल्यावर तो घसरला, तर १०८ वर फोन करायचा आणि कोणत्या रुग्णालयात न्यायचे हे आधीच ठरलेले असावे. या निर्णयासाठी समन्वयकाने कोणाच्या सहीची वाट पाहू नये. लक्षणे सौम्य असली तरी त्या व्यक्तीला त्याच दिवशी विलगीकरणाच्या जागी हलवावे, तिची खोली खिडक्या उघड्या ठेवून दिवसभर बंद करावी आणि तिच्या दारापर्यंत कोण कोण गेले ते नोंदवहीतून काढावे. दार वाजवणाऱ्याचे नाव रोज लिहिण्याचा कंटाळा न करण्याचे कारण हेच.

परत जाण्याची तयारी

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने एप्रिल २०२०मध्ये बेघरांसाठी १५ हजार खोल्यांचे उद्दिष्ट ठेवून असाच कार्यक्रम सुरू केला. त्यांच्यापैकी काहींना पुढे कायमचे घर मिळाले, पण अनेकजण पुन्हा रस्त्यावर गेले. आपल्याकडेही बसस्थानकातून आणलेला माणूस निवारा बंद झाल्यावर बसस्थानकातच जाणार असेल, तर त्याच्या मुक्कामातील प्रत्येक आठवडा आपण वाया घालवला असे मी मानतो. म्हणून प्रवेशाच्या नोंदीतच ‘परत कोठे’ हा रकाना असावा. ज्याला घर नाही त्याचा आधार, रेशनकार्ड आणि निराधार योजनेचा अर्ज मुक्कामाच्या काळात करून घ्यावा. तलाठी आणि ग्रामसेवक आठवड्यातून एकदा लॉजवर आले तर हे होते. मारहाणीमुळे आलेल्या स्त्रीला परत त्याच घरी पाठवण्याची घाई करू नये. पीडित स्त्रियांना मदत करणाऱ्या जिल्ह्याच्या सखी केंद्राशी बोलणे तिच्या संमतीने आधीच सुरू करावे.

सर्वांना एकाच दिवशी सोडू नये. चौदा खोल्या असतील तर दोन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने रिकाम्या कराव्यात, सर्वांत जास्त जोखमीच्या माणसांना शेवटी सोडावे. जाताना महिनाभराची औषधे, आशा ताईंचा क्रमांक आणि पंधरा दिवसांचे कोरडे धान्य सोबत द्यावे. कुलूप लावून ठेवलेल्या घरात आदल्या दिवशी कोणीतरी जाऊन पाहून यावे, कारण पावसाळ्याच्या तोंडावर कौले सरकलेली असतात आणि माठ फुटलेले असतात.

मालकाला ताबा परत देताना पुन्हा पंचनामा करावा, मीटरचे वाचन लिहावे, आणि त्या प्रतीवर मालकाची व तहसील कार्यालयाची, दोघांचीही सही त्याच दिवशी घ्यावी. घरी गेलेल्या प्रत्येकाकडे आठव्या दिवशी एक फेरी मारावी. आम्ही आजींकडे गेलो तेव्हा दारात तीन पिल्ले होती. आजींनी चंचीतून तो कागद काढला आणि शेजारच्या घराकडे बोट दाखवून विचारले की चाऱ्याचे पैसे त्यांना पूर्ण मिळाले का. एका आठवड्याचे द्यायचे राहिले होते.